उपरण्याखालचे पाच

हळदीचा हंगाम सुरू झाला की सांगलीतले पांढरे बैल नवरदेवासारखे दिसू लागतात. शिंगांपासून खुरांपर्यंत पिवळे. माणसे त्याहून पिवळी. हमालाच्या पापण्यांवर पिवळी पूड, कानामागे पिवळी रेघ, आणि घामाने भिजलेली बंडी पिळली तर बादलीत पिवळे पाणी. लग्नघरात हळद चार दिवस असते आणि सगळे तिचे कौतुक करतात. आम्ही ती तीन महिने अंगाला लावून फिरतो, आमच्यासाठी कोणी सनई वाजवत नाही.

काल सकाळी पहिल्या गाड्या आल्या. उकडून वाळवलेल्या हळदीचा तो मातकट, किंचित कडू वास गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा मी पेढीच्या ओट्यावर चहा पीत होतो. चहा तसाच ठेवला. दर साली असे होते. माझी माणसे एकमेकांना डोळ्यांनी खुणावतात. "आन्नांचं डोस्कं चैतात फिरतंय, आठ दिस लांबनंच बोला," असे आमची साळू परवा नव्या बायांना सांगत होती. साळू हळद निवडते आणि मी ऐकतो आहे हे पाहून बोलते. डोके फिरते, हे खरे आहे. पण ते उन्हाने फिरत नाही.

मी माणातला, कोरड्या मुलखातला. आमच्याकडे हळद लग्नापुरती आणि चिमटीने मिळे. बाप मेंढरे राखी. बाजारात मेंढरांचा सौदा घोंगडीच्या टोकाखाली होई. बाप समोरच्याची बोटे धरी, समोरचा बापाची. मी शेजारी उभा राहून दोघांच्या तोंडाकडे बघे. तोंडावर काही नसे. सौदा मोडायचा असला की बाप समोरच्याचा सगळा पंजा मुठीत धरून एकदा खाली दाबी. झाले. बोलणे नाही, भांडण नाही. मोडला म्हणजे मोडला. माणात ही खूण शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक.

सांगलीला आलो तेव्हा पाठीवर पोती आणि पोटात भूक एवढेच होते. मला इथे आणला बिरू नानाने. तोही माणातलाच, आमच्या शेजारच्या वाडीचा, हळदीची पेवे भरणाऱ्या-उपसणाऱ्या टोळीचा मुकादम. त्याच्या शब्दावर मला पोती उचलायला मिळाली. पोती उचलता उचलता मी लिलाव बघू लागलो. इथेही उपरण्याखाली बोटे धरतात, चालू भावावर किती रुपये चढ ते बोटांनी सांगतात. दोन बोटे धरली तर दोन, सगळा पंजा धरला तर पाच. उपरण्याखालचे दिसत नाही, पण कोपर दिसतो. एका बोटाला कोपर हलत नाही, तिनाला किंचित वळतो, पाचाला दंडाची शीर उठते. दोन हंगाम मी नुसते कोपर वाचले. मग एके दिवशी मालकाला कानात सांगितले की समोरचा व्यापारी चारपर्यंत येणार आहे, तीनवर सोडू नका. तो चारपर्यंत आला. त्या दिवसापासून माझी पाठ सुटली आणि हात कामाला लागला. मला कोणी शिकवले नाही. मला कोणी काही दिले नाही. हे मी वारंवार सांगतो, कारण लोक वारंवार विसरतात.

मालकाचे नाव बाबूशेठ. माणूस वाईट नव्हता, असे म्हणायची रीत आहे. मी म्हणणार नाही.

लढाई चालू होती. भाव असे उसळत होते की पेवाच्या तळाला बसलेली जुनी हळदसुद्धा सोन्याची वाटू लागली. बाबूशेठ मुंबईला गेला आणि पंधरा दिवसांनी परत आला तो डोक्यात कंपनी घेऊन. आठवड्यात पेढीवरची गादी उचलली. तक्के माळ्यावर गेले. टेबल आले, खुर्च्या आल्या, दारावर रंगवलेली पाटी आली. ओट्यावर हमालांनी बसायचे नाही असे ठरले. आजवर बाबूशेठ आमच्यासमोर मांडी घालून बसे, कोणाची पोरगी लग्नाची झाली, कोणाचा बैल पाय धरून बसला, हे त्याला ठाऊक असे. खुर्चीवर बसल्यापासून त्याला आमची फक्त डोकी दिसू लागली. "शेठ म्हणायचं नाही, साहेब म्हणा," असे कारकुनाने सगळ्यांना बजावले. आणि अंगणात, पेवांच्या कडेला असलेल्या कडुलिंबाला एक पितळी घंटा टांगली. घंटा झाली की कामाला लागायचे, घंटा झाली की थांबायचे.

"देवळात घंटा वाजवली की देव जागा व्हतोय," तेव्हा तिथेच हळद निवडणारी साळू म्हणाली, "हितं कोन जागा व्हतोय म्हनायचा?"

"साहेब जागा व्हतोय," एक हमाल म्हणाला.

"त्यो निजलेलाच बरा हुता की रं!"

आम्ही हसलो. मीही हसलो. तेव्हा मी हसू शकत होतो.

आता पेवाचे सांगतो, कारण पुढचे सगळे पेवावर आहे. नदीकाठच्या घट्ट मातीत विहिरीसारखा खड्डा असतो. तोंड एका माणसापुरते, पोट कित्येक गाड्या गिळेल एवढे. आत पाल्याचे अस्तर देऊन हळद भरतात, तोंड मातीने लिंपून टाकतात. वर्ष झाले, दोन वर्षे झाली, हळद तशीच राहते. हवा तशी राहत नाही. बंद पेवातली हवा माणूस मारते. तिला रंग नाही, वास नाही, ती खाली दबा धरून बसते. म्हणून पेव उघडले की एक अख्खा दिवस उघडे ठेवायचे आणि मग दोरीने कंदील सोडायचा. तळाशी ज्योत तगली तर माणसाने उतरायचे. विझली तर थांबायचे.

कंदील बिरू नाना सोडी. सोडताना त्याच्याशी बोले. "जा रं बाबा म्होरं. पावना कसा हाय बगून ये." ज्योत तगली की खाली वाकून म्हणे, "बरा हाय, बरा हाय. मानूस दिसतोय." त्याच्या या बोलण्याला आम्ही लय हसायचो. त्याची मिशी पिवळी, हातावरचे केस पिवळे, आणि डाव्या अंगठ्याला नख नव्हते. एवढे वर्णन पुरे. त्याचा फोटो कुठे नाही.

बाबूशेठने कंपनी काढल्यावर पेवाचा दिवस कापला. "एक दिवस पेव उघडं ठेवायचं म्हणजे टोळी एक दिवस बसून," तो खुर्चीवरून म्हणाला. "दोन तास पुष्कळ झाले. घंटा झाली की उतरायचं." आणि कंदिलाचे तेलही बंद. रॉकेल कंट्रोलवर मिळत होते. "माणसाला घरात दिवा लावायला तेल मिळंना आणि तुम्ही खड्ड्याला उजेड दाखवताय?" हे वाक्य त्याला स्वतःलाच फार आवडले. त्या दिवशी त्याने ते तीन जणांना ऐकवले.

दोन पेवे तशी उघडली. पहिल्यातून एक गडी वर आला आणि ओकला. दुसऱ्यातून आलेला गडी लिंबाखाली बसला आणि संध्याकाळपर्यंत आपले नाव सांगेना.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात साहेबाला आमचे मत हवे झाले.

मुंबईत कोणा गिरणीवाल्याने त्याला सांगितले होते की विलायतेत मोठ्या कंपन्या नोकरांना विचारतात, कारभार कसा वाटतो. ते कागदावर लिहून घेतात आणि भागीदारांना दाखवतात. बाबूशेठला भागीदार मिळवायचे होते. कारकुनाने अंगणात सगळ्यांना जमवून छापील भाषेत सांगितले की कंपनीच्या नेतृत्वाविषयी सेवकवर्गाने निर्भयपणे अभिप्राय द्यावा.

"काय द्यावा?" मागून कोणी विचारले.

"मत, मत."

"आन मत म्हंजी?"

"साहेब चांगला का वाईट त्ये सांगायचं गड्या," मी म्हणालो.

"तोंडावर?"

तोंडावर कोण सांगणार? म्हणून साहेबाने तोड काढली होती, आणि ती आमच्याच धंद्यातली. उपरण्याखाली. एकेकाने यायचे, उपरण्याखाली बोटे धरायची. एक बोट म्हणजे कारभार वाईट, पाच म्हणजे उत्तम. हात माझा, कारण कंपनीत बोटे वाचणारा मीच. मी आकडा मोठ्याने पुकारायचा, कारकुनाने कागदावर नावापुढे मांडायचा, साहेबाने शेजारी खुर्चीवर बसून ऐकायचा. गुप्त मत ओरडून सांगायचे, ही अक्कल माणसाला खुर्चीवरच सुचते.

साळू निवडलेल्या ढिगामागून म्हणाली, "बोटानं इचारतोय. तोंडाला काय झालं म्हनावं त्येच्या?"

त्याच सकाळी बाबूशेठने मला टेबलापाशी बोलावले होते. "शिरपा, हे नीट पार पाड. भागीदार आले की कंपनीला म्यानेजर लागणार. खुर्ची तुझी."

"कवा?"

"हंगाम सरला की."

"शब्द?"

"शब्द."

आयुष्यात मी एकच सौदा उपरण्याशिवाय केला. तोंडाच्या शब्दावर. तोच बुडाला. म्हणून आज मला कोणी शब्द देऊ लागला की मी त्याच्या कोपराकडे बघतो.

दुपारी बिरू नानाने मला नदीच्या वाटेवर गाठले. टोळीतली सगळी माणदेशी माणसे त्याच्या मागे उभी होती.

"शिरपा, एक बोट धरलं तर तू एक म्हनून वराडनार. साहेब तितंच बसल्याला. ज्येनं धरलं त्येची दुसऱ्या दिशी वाट."

"व्हय नाना."

"म्हनून आमी आपल्याकडची खूण करनार. पंजा धरून खाली दाबनार. तू पाच म्हनून वराड, त्येला पाच वाटू दे. पर तुला तर कळतंय न्हवं आमी काय म्हनतोय?"

"कळतंय की."

"मग मागनं येकला गाठून सांग त्येला. दिवा सोडल्याबिगर, दिसभर उघडं ठेवल्याबिगर टोळी पेवात उतरनार न्हाई. मोडला सौदा. कुनाचं नाव नगो, समद्यांचं म्हनून सांग. तुझं ऐकतोय त्यो."

"सांगतो," मी म्हणालो.

डोके चालवून काढलेली युक्ती होती. मला तेव्हाही कौतुक वाटले, आजही वाटते. तिच्यात एकच खोट होती. तिच्या मधोमध मी होतो.

ती संध्याकाळ मला हाताने आठवते, डोळ्याने नाही. डोळ्यांसमोर नुसते पांढरे उपरणे होते. खाली हात येत होते. पोती ओढून चामडे झालेला हात. हळदीच्या पुडीने कातरलेला, भेगांचा हात. साळूचा हात आला, तिने एक बोट धरले, मी "एक" पुकारले आणि साहेबाने मान वर करून पाहिले. "बाईमाणसाचं काय," तो कारकुनाला म्हणाला, "ते सोडून द्या." कारकुनाने सोडून दिले. मग माणदेशी हात सुरू झाले. पंजा धरायचा, एकदा खाली दाबायचा. मी म्हणायचे, "पाच." पंजा, दाब, "पाच." पंजा, दाब, "पाच." शेवटी नख नसलेला अंगठा आला. त्याने माझा पंजा धरला आणि असा दाबला की खांद्यापर्यंत कळ गेली. सोडला नाही. माझ्या डोळ्यांत बघत राहिला.

"पाच," मी म्हणालो.

मी खोटे बोललो नाही. पाचच बोटे होती.

बाबूशेठ खुलला. सगळ्यांना पन्हे दिले. कागदावर सही केली, खाली तारीख घातली, आणि कागद टेबलाच्या काचेखाली सरकवला. लोक परतले तेव्हा मी एकटा त्याच्यासमोर उभा होतो. सांगायचे ते माझ्या जिभेवर होते. आणि माझ्यासमोर ती रिकामी खुर्ची होती, वेताची, नवी, अजून कोणी न बसलेली. मी विचार केला, आज सांगितले तर तो चिडेल. खुर्चीवर बसलो की माझ्या शब्दाला वजन येईल, तेव्हा सांगू. चार दिवसांनी सांगू. धंद्यात मी हेच शिकलो होतो. माल हातात असताना भाव सांगायची घाई करायची नाही.

दुसऱ्या दिवशी बिरू नानाने विचारले, "सांगितलंस न्हवं?"

"व्हय."

"काय म्हनला?"

"बघतो म्हणला."

"मंग झालं. बगंल त्यो." त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या सदऱ्यावर पिवळा पंजा उमटला.

चौथ्या दिवशी सकाळी तिसऱ्या पेवाचे तोंड फोडले. मी बाजारात होतो, पुढचे मी ऐकले. दोन तासांनी घंटा झाली. टोळी उठेना. बिरू नाना म्हणाला, "आरं, साहेबाला समदं ठावं हाय. शिरपानं घातलंय कानावर. आन तरी घंटा झाली म्हंजी साहेबानं कुनाकडनं तरी दिवा सोडून बगितला आसंल. उगी कशाला वाजवंल?" आणि आपण मुकादम म्हणून पहिला तोच उतरला.

दोरी हलली नाही. वरून हाक मारली, खालून ओ आली नाही. एकजण उतरू लागला तर इतरांनी त्याला धरून ठेवले. आकड्याने ओढून नानाला वर काढेपर्यंत ऊन डोक्यावर आले होते. मी धावत पोचलो तेव्हा तो लिंबाखाली निजवलेला होता. डोक्यापासून पायापर्यंत पिवळा, केसांत पाला. मिशीसुद्धा विसकटलेली नव्हती. कोणाच्या तरी लग्नात उतावीळ बायांनी न्हाऊमाखू घालून बसवलेला नवरदेव पेंगावा तसा.

चौकशीला माणूस आला. बाबूशेठने काचेखालून कागद काढला. "आमच्या नोकरांचं मत घ्या ना. चार दिवसांपूर्वीचंच आहे. एकाचीही तक्रार नाही. खुद्द मयताने उत्तम म्हटलंय." चौकशीवाल्याने कागद वाचला, पन्हे प्याला आणि गेला.

बिरू नानाची बायको गावाहून आली. कारकुनाने तिलाही तो कागद वाचून दाखवला. तिने त्यातले एकच ऐकले. "पाच म्हंजी काय वं?" तिने मला विचारले. गावचा माणूस म्हणून मला.

"म्हंजे लय चांगलं," मी म्हणालो.

तिने मान हलवली. त्याचा कंदील मागून घेतला आणि गेली.

तरीही मी थांबलो. हे लपवत नाही. हंगाम सरेपर्यंत थांबलो. आणि हंगाम सरल्यावर त्या वेताच्या खुर्चीवर पुण्याहून आलेला बाबूशेठचा मेहुणा बसला. त्याला हळकुंड आणि गड्डा यातला फरक कळत नव्हता. मी त्याच दुपारी उपरणे टेबलावर फेकले, काच फुटली, आणि मी त्या दोघांना जे बोललो ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेले. खुर्चीबद्दल बोललो. फक्त खुर्चीबद्दल. बिरू नानाचे नाव माझ्या तोंडात आले नाही.

त्यानंतर मी माझी पेढी उभी केली. आज माझी चार पेवे आहेत. माझे पेव दीड दिवस उघडे राहते, आणि मग त्यात एक नाही, दोन कंदील उतरतात. माझी माणसे माझ्याविषयी काय बोलतात ते मला ठाऊक आहे. "मालक लय तापट. तोंड म्हंजे गटार. पर दिवा सोडतोय." मी कधी कोणाचे मत विचारले नाही. ज्याला दिवा द्यायचा असतो तो देऊन मोकळा होतो. ज्याला द्यायचा नसतो तो मत विचारतो.

आणि बाबूशेठ. लढाई संपली, भाव पडले, भागीदार पांगले, मेहुणा पुण्याला परत गेला. मी त्याच्या घसरणीची एकेक पायरी बघत होतो, आणि खोटे कशाला बोलू, मजेत बघत होतो. काल पहिल्या गाड्यांबरोबरच निरोप आला. बाबूशेठ आपले शेवटचे पेव आतल्या हळदीसकट विकतो आहे. मी स्वतः गेलो. दलाल पाठवला नाही. ही बोटे मला स्वतःला धरायची होती.

तो त्याच लिंबाखाली उभा होता. घंटा गेली होती, फांदीवर दोरीचा वळ होता. अंगावर धुऊन पिवळट पडलेला सदरा. मला पाहून त्याने हात जोडले. "या शिरपाअण्णा." मला अण्णा म्हणाला. सात-आठ व्यापारी उभे होते, सगळे दोनच्या पुढे सरकत नव्हते. मी उपरणे त्याच्या हातावर टाकले आणि खालून त्याचा पंजा धरला. हात म्हातारा झाला होता, गार आणि हलका. मी सगळी बोटे मुठीत घेतली आणि खाली दाबली. बिरू नानाने दाबली होती तशी, खांद्यापर्यंत कळ जाईल अशी.

त्याचे तोंड उजळले. "पाच?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. डोळ्यांत पाणी आले त्याच्या. "दिलं अण्णा. पाचाला दिलं."

याच क्षणाची मी इतके हंगाम वाट पाहिली होती.

"पाच न्हवं, शेठ," मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो. "माणदेशी हात हाय हा. पंजा दाबला म्हंजी सौदा मोडला. तुमच्या त्या कागदावर जेवढे पाच हुते न्हवं, ते समदे ह्येच हुते. तुमच्या तोंडावर थुंकली हुती टोळी, आन तुम्ही पन्हं वाटलंत. बिरू नाना तुमाला सांगत हुता, दिवा सोडल्याबिगर उतरत न्हाई. तुमाला कळलं न्हाई."

तो बघत राहिला. हात अजून उपरण्याखाली, माझ्या मुठीतच होता. मला वाटले तो खाली बसेल, रडेल, निदान मान खाली घालेल.

"नाही कळलं," तो हळूच म्हणाला. जुन्या गादीवर बसून बोलायचा त्या आवाजात. "मला कसं कळावं, शिरपा? मी कधी मेंढरं राखली नाहीत." मग जणू खरेच विचारत असल्यासारखे, "तुला कळलं होतं ना रे?"

लिंबाचा मोहर गळत होता. उपरण्यावर बारीक पांढरी फुले पडत होती. मी त्याचा हात सोडायचा म्हणत होतो आणि सोडता येत नव्हता. उपरण्याखाली कोणाचा हात कोणी धरला आहे ते मला समजेना.

माझा कारकून मागे उभा होता. त्याला काही ऐकू आले नसावे, किंवा आले असावे.

"अण्णा," तो म्हणाला, "काय ठरलं?"

"पाच," मी म्हणालो.